संपविलेल्या खेळांची रोजकीर्द

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी जुनी वही मिटतो आणि नवी घालतो. मिटण्यापूर्वीं येणें किती, देणें किती आणि वर्षाअखेर पदरांत उरलें काय, एवढें तो पाहून घेतो. हिशेबाची ही संवय केवळ धनापुरती राहिलेली नाहीं. वर्षांत किती ग्रंथ वाचून झाले याचें टिपण ठेवणारे वाचक आहेत. किती गड पाहून झाले याची यादी ठेवणारे दुर्गप्रेमी आहेत. याच पंक्तींत अलीकडे एक नवा वर्ग येऊन बसला आहे. वीस, तीस किंवा चाळीस वर्षांपूर्वींचे व्हिडिओ-खेळ जुन्या यंत्रांवर अथवा त्यांच्या संगणकी प्रतिकृतींवर खेळावयाचे, ते शेवटापर्यंत न्यावयाचे, आणि डिसेंबरअखेर ‘या वर्षीं संपविलेले खेळ’ अशी यादी तारीखवार मांडावयाची, असा या मंडळींचा परिपाठ आहे. कोणाच्या यादींत पांच नांवें असतात, तर कोणाच्या यादींत पन्नास.

वरवर पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटेल. खेळ तो खेळ; तो संपला काय आणि राहिला काय, त्याची एवढी लिखापढी कशाला? परंतु या साध्या यादीच्या मागें पन्नासांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. खेळ संपला असें केव्हां म्हणावयाचें, तो संपल्याची साक्ष कोणीं द्यावयाची, आणि ती साक्ष टिकवावयाची कशी, हे तीन प्रश्न या इतिहासांतून सारखे डोकावतात. साक्षीदाराचें हें काम यंत्रानें अनेकदां आपल्या अंगावर घेतलें आणि अनेकदां अर्ध्यावर टाकलें. प्रत्येक वेळीं तें फिरून माणसाच्या हातीं आलें, आणि माणसानें तें कागद-पेन्सिल घेऊन पार पाडलें.

या इतिहासाचा आरंभच मुळीं कागदापासून झाला. घरांतील टेलिव्हिजनला जोडून खेळावयाचें पहिलें यंत्र १९७२ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलें. राल्फ बेअर या अभियंत्यानें त्याची कल्पना काढली होती, आणि मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें ‘ओडिसी’ या नांवानें तें बाजारांत आणलें. पडद्यावर प्रकाशाचे दोन-तीन ठिपके आणि एक उभी रेघ दाखविणें, याहून फारसें कांहीं त्या यंत्रास साधत नव्हतें. त्याला आवाज नव्हता, आणि गुण मोजण्याची शक्ति तर मुळींच नव्हती. मैदानाचें चित्र हवें असेल तर एक रंगीत पारदर्शक पापुद्रा टेलिव्हिजनच्या कांचेवर लावावा लागे. म्हणून कंपनीनें यंत्राच्या पेटींतच फांसे, चकत्या, खोट्या नोटा आणि गुण लिहिण्याचे कागद घालून दिले होते. कोण जिंकलें आणि कितीनें जिंकलें, हें घरांतल्याच कोणीतरी लिहून ठेवावयाचें! त्याच वर्षाच्या अखेरीस अटारी कंपनीच्या ‘पाँग’ या सार्वजनिक यंत्रानें दोन्ही बाजूंचे गुण पडद्यावरच झळकाविले, आणि लेखनिकाचें काम यंत्राकडे गेलें. मात्र नवा डाव सुरू झाला कीं मागच्या डावाचे आंकडे पुसले जात. यंत्र मोजावयास शिकलें होतें. लक्षांत ठेवावयास नव्हे.

पुढें दुकानांतून आणि करमणुकीच्या गृहांतून नाणें टाकून खेळावयाचीं यंत्रें वाढलीं. या यंत्रांतील बहुतेक खेळांना शेवट असा नसे, आणि त्याचें कारण व्यापारी होतें. खेळ संपून समाधान झालेला गिऱ्हाईक घरीं जातो. हरलेला गिऱ्हाईक दुसरें नाणें काढतो. जपानांत तोमोहिरो निशिकादो यानें १९७८ सालीं रचलेल्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्यें शत्रूची एक फळी कोसळली कीं दुसरी उतरे, दुसरीच्या मागें तिसरी उभीच. जेथें विजयच नाहीं तेथें मोठेपणा मोजावयाचा कशानें? तो गुणांनीं मोजूं लागले. आजवरचे सर्वांत मोठे गुण पडद्याच्या माथ्यावर दिसूं लागले, आणि १९७९ सालच्या ‘स्टार फायर’ व ‘ॲस्टेरॉइड्स’ या यंत्रांनीं तर खेळाडूला आपलीं आद्याक्षरें कोरण्याची मुभा दिली. तीन अक्षरांची ही कीर्ति! शेजारच्या गल्लींतल्या मुलांनीं तीं अक्षरें वाचावीं आणि त्यांच्यावर मात करण्यासाठीं आणखी नाणीं टाकावीं, असा तो व्यवहार होता. परंतु ‘ॲस्टेरॉइड्स’सारख्या यंत्रांतील ही कीर्तिहि मोठी अल्पायुषी असे. रात्रीं मालकानें विजेचें बटण बंद केलें कीं सारा फलक कोरा होई. दिवसभर झुंजून मिळविलेलें नांव सकाळीं शोधूं गेल्यास सांपडत नसे.

हा कोरा होणारा फलक एका मनुष्याच्या मनाला लागला. अमेरिकेच्या आयोवा राज्यांत ऑटमवा नांवाचें एक छोटें शहर आहे. वॉल्टर डे या गृहस्थानें १९८१ च्या उन्हाळ्यांत शंभरांहून अधिक खेळगृहें पालथीं घातलीं आणि प्रत्येक यंत्रावरचे उच्चांक वहींत उतरवून घेतले. त्याच वर्षीं १० नोव्हेंबर रोजीं त्यानें ऑटमव्यास ‘ट्विन गॅलक्सीज’ या नांवाचें आपलें स्वतःचें खेळगृह उघडलें, आणि १९८२ च्या फेब्रुवारींत आपल्याजवळचे आंकडे ‘राष्ट्रीय गुणफलक’ म्हणून प्रसिद्ध केले. निरनिराळ्या ठिकाणांहून खेळाडू व दुकानदार त्याला दूरध्वनि करून नवे उच्चांक कळवूं लागले. १९८२ च्या अखेरीस ऑटमव्याच्या नगराध्यक्षांनीं आपलें शहर ही व्हिडिओ-खेळांची जागतिक राजधानी असल्याचें जाहीर केलें. शहराला हा मान कोणत्याहि कारखान्यामुळें मिळाला नव्हता. दुसऱ्यांचे पराक्रम आस्थेनें टिपून ठेवणाऱ्या एका वहीमुळें मिळाला होता.

या वहीची किंमत दोन नोंदींवरून कळते. ‘निब्लर’ हा सापाचा खेळ रॉक-ओला कंपनीनें १९८२ सालीं काढला. त्याच्या गुणफलकावर नऊ आंकडे मावत. म्हणजे शंभर कोटि गुण झाले कीं फलक पुन्हां शून्यावर येणार. ऑटमव्याच्याच टिम मॅक्व्हे या तरुणानें १९८४ च्या जानेवारींत सुमारें ४४ तास एकाच नाण्यावर खेळून ही सीमा ओलांडली. त्याच्या पराक्रमाच्या क्षणीं यंत्र दाखवीत होतें तें शून्याच्या आसपासचे आंकडे. १,००,००,४२,२७० ही खरी संख्या ठाऊक होती ती भोंवतीं जमलेल्या माणसांना. दुसरी नोंद अधिक करुण आहे. स्कॉट सॅफ्रन या पंधरा वर्षांच्या मुलानें १९८२ च्या नोव्हेंबरांत ‘ॲस्टेरॉइड्स’वर ४,१३,३६,४४० गुण मिळविले. पुढें हा विक्रम कोणाला मोडेना, म्हणून त्याचा सत्कार करावा असें ट्विन गॅलक्सीजच्या मंडळींनीं मनांत आणलें आणि त्याचा शोध सुरू केला. अखेर २००२ सालीं कळलें कीं, सॅफ्रन १९८९ सालींच अपघातांत निवर्तला होता. सन्मान स्वीकारला तो त्याच्या कुटुंबीयांनीं. जॉन मॅकॲलिस्टर यानें तो विक्रम मोडला २०१० सालीं. म्हणजे मुलगा गेल्यावरहि त्याचें नांव दोन तपांच्या आसपास जिवंत राहिलें, तें केवळ कोणीतरी लिहून ठेवलें होतें म्हणून.

गुणांची ही कथा झाली. परंतु आजची वार्षिक यादी गुणांची नसून संपविलेल्या खेळांची आहे, आणि त्या कल्पनेचा उगम निराळा आहे. तो नाण्यांच्या यंत्रांत नसून विद्यापीठांच्या व संशोधनशाळांच्या संगणकांत सांपडतो. विल क्राउदर यानें आरंभिलेल्या आणि डॉन वुड्स यानें १९७७ सालीं वाढविलेल्या ‘ॲडव्हेंचर’ या गुहेच्या खेळांत चित्र नव्हतें. सारा खेळ शब्दांचाच होता. खेळाडूनें गुहेचा नकाशा स्वतः कागदावर काढावयाचा, खजिने शोधून आणावयाचे आणि एकंदर ३५० गुण पुरे करावयाचे. त्यांतला शेवटचा एक गुण तर कित्येकांना छळून गेला. गुहेंतील एका विशिष्ट कोपऱ्यांत एक नियतकालिक नेऊन ठेवल्याशिवाय तो मिळत नसे, आणि तसें करावें अशी सूचना कोठेंहि स्पष्ट नव्हती! ३४९ गुणांवर थांबलेला खेळाडू आणि ३५० पुरे करणारा खेळाडू यांच्यांत येथें प्रथमच भेद उत्पन्न झाला. पहिल्यानें खेळ पाहिला होता; दुसऱ्यानें तो तडीस नेला होता.

घरगुती यंत्रांत ही कल्पना लौकरच शिरली. वॉरन रॉबिनेट यानें अटारीसाठीं रचलेल्या १९८० सालच्या ‘ॲडव्हेंचर’ या त्याच नांवाच्या चित्रखेळांत मंतरलेला चषक सोन्याच्या किल्ल्यांत आणला कीं खेळ संपे. डेव्हिड क्रेन याच्या १९८२ सालच्या ‘पिटफॉल’मध्यें २० मिनिटांत ३२ खजिने गोळा करावयाचे होते, ते सर्व एकहि चूक न करितां मिळविल्यास १,१४,००० गुण होत, आणि त्यापुढें मिळविण्यासारखें कांहीं उरत नसे. हा खेळ काढणाऱ्या ॲक्टिव्हिजन कंपनीनें एक मौजेची प्रथा पाडली. ठराविक गुण मिळविणाऱ्यानें टेलिव्हिजनच्या पडद्याचें छायाचित्र काढून कंपनीकडे धाडावें, म्हणजे कंपनी कोटावर शिवावयाचें एक कापडी चिन्ह टपालानें पाठवीत असे. ‘पिटफॉल’साठीं ही मर्यादा २०,००० गुणांची होती. यंत्राला स्मरण नव्हतें म्हणून छायाचित्रानें साक्ष द्यावयाची, आणि कापडाच्या तुकड्यानें ती छातीवर मिरवावयाची! पुढें १९८८ सालीं निघालेल्या ‘निन्टेंडो पॉवर’ या मासिकानेंहि वाचकांचे पराक्रम छापण्यासाठीं पान राखून ठेवलें होतें.

खेळ जसजसे लांबूं लागले तसतसा स्मरणाचा प्रश्न अधिक निकडीचा झाला. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला ३२ टप्पे होते, पण तो एका बैठकींत संपवितां येई. पुढच्या वर्षीं जपानांत यूजी होरी याचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला, आणि तो एका बैठकींत संपणें अशक्यच होतें. मग आज थांबलेला खेळ उद्यां पुढें न्यावा कसा? निर्मात्यांनीं तोड काढली ती अशी कीं, थांबतांना यंत्रानें २० अक्षरांचा एक परवलीचा मंत्र पडद्यावर दाखवावा, खेळाडूनें तो उतरून घ्यावा, आणि दुसरे दिवशीं तसाच्या तसा भरावा. त्याला ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ असें नांव होतें. १९८७ सालच्या दुसऱ्या भागांत तर हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. जपानी लिपींतील सारखीं दिसणारीं दोन अक्षरें घाईंत लिहितांना गल्लत झाली, कीं आठवड्याचा खेळ पाण्यांत! एक मात्रा चुकली तर मंत्र फळत नाहीं, हें वैदिकांचें वचन त्या मुलांना त्यांच्या वह्यांनींच शिकविलें.

या कष्टांतून सुटका करण्यासाठीं यंत्रानें पुन्हां एकदां पुढाकार घेतला. ‘लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ १९८७ सालीं अमेरिकेंत आला तेव्हां त्याच्या कॅसेटच्या पोटांत बटनाएवढी एक बॅटरी होती. तिच्या जोरावर तीन खेळाडूंची प्रगति नांवांसह टिकून राही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’नेंहि १९८८ सालच्या आपल्या तिसऱ्या भागांत हीच सोय केली. हें स्मरण चिरंतन वाटलें. पण बॅटरीला आयुष्य असतें. आज ज्यांच्याजवळ त्या काळच्या कॅसेटी आहेत, त्यांपैकीं पुष्कळांना त्या लावून पाहिल्यावर जुनी नोंद आढळत नाहीं. बॅटरी हळूहळू निवत गेली, आणि लहानपणीं ज्या राजकन्येला सोडविलें तिच्या सुटकेचा पुरावा तिच्याबरोबर गेला. नवी बॅटरी बसवितां येते. गेलेली नोंद बसवितां येत नाहीं.

भारतांतील घरांना तर ही बॅटरीची चैन क्वचितच लाभली. १९९० नंतरच्या दशकांत जपानी ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या स्वस्त नकला येथील बाजारांत आल्या, आणि मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांतून उन्हाळ्याच्या सुटींत त्यांच्याभोंवतीं भावंडांची दाटी होऊं लागली. त्यांच्या कॅसेटींवर हजारों खेळांची ग्वाही छापलेली असे. आंत पाहावें तों पंधरावीस खेळच वेगवेगळ्या नांवांनीं आणि टप्प्यांनीं पुन्हां पुन्हां आलेले. खेळ जपून ठेवण्याची सोय त्यांत सहसा नसे. ‘काँट्रा’ संपवावयाचा तर तो एका बैठकींत, जेवावयाची हांक येण्यापूर्वीं आणि वीज जाण्यापूर्वीं संपवावा लागे. तो संपला याची साक्ष शेजारीं बसलेल्या भावाची किंवा मित्राची. आज त्या पिढींतले लोक चाळिशीच्या घरांत आहेत. आपण तो खेळ खरोखर संपविला होता कीं शेवटच्या टप्प्यापर्यंतच गेलों होतों, हें त्यांतल्या पुष्कळांना आतां निश्चित सांगतां येणार नाहीं. मोठेपणीं तोच खेळ काढून, संपवून, त्यापुढें तारीख घालण्याची उत्सुकता कोठून येते, हें येथें उमगतें.

आतां तारीख घालावयाची म्हटली कीं पहिला प्रश्न पुन्हां समोर येतो: संपविलें म्हणजे काय? ‘सुपर मारिओ’ला ३२ टप्पे आहेत खरे, पण गुप्त वाटांनीं गेल्यास अवघे आठ टप्पे खेळून राजकन्येपर्यंत पोंचतां येतें. मग चोवीस टप्पे न पाहणाऱ्यानें खेळ संपविला असें म्हणावें काय? ‘काँट्रा’च्या आरंभीं ठराविक क्रमानें कळा दाबल्या कीं तीनांऐवजीं तीस जीव मिळतात. तीस जिवांचा विजय आणि तीन जिवांचा विजय एकाच मापानें मोजावे काय? कॅपकॉम कंपनीच्या १९८५ सालच्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’नें तर कहरच केला. प्राणांतिक धडपड करून शेवटास जावें, तों पडद्यावर कळतें कीं हा सारा सैतानाचा मायाजाल होता. खरा शेवट पाहिजे असेल तर पुनश्च पहिल्यापासून सर्व खेळ खेळा! आणि १९८६ सालच्या ‘मेट्रॉइड’मध्यें तो किती वेळांत संपविला यावर शेवटचें दृश्य अवलंबून असे, चपळाईनें संपविणाऱ्यालाच चिलखताच्या आंतला वीर पुरुष नसून स्त्री आहे, हें दिसे.

या प्रश्नांना सर्वमान्य उत्तर नाहीं, आणि म्हणूनच यादी ठेवणाऱ्या प्रत्येकाला आपला नियम आपणच ठरवावा लागतो. कोणी म्हणतो, शेवटचा शत्रु पडला आणि निर्मात्यांची नामावळी सुरू झाली कीं खेळ संपला. कोणी सर्व गुप्त वस्तु सांपडल्याशिवाय तो संपला असें मानीत नाहीं. संगणकी प्रतिकृतींवर खेळतांना वाटेल त्या क्षणीं खेळ थिजवून ठेवण्याची आणि चूक झाल्यास मागें जाण्याची सोय असते. तिचा उपयोग केला असेल तर कित्येक जण नांवापुढें तशी खूण करितात. ही खूण कोणी मागितलेली नसते आणि तपासावयास कोणी येणार नसतो. तरीहि ती केली जाते, यांतच या वहीचें मर्म आहे. स्वतःच्या नियमानें स्वतःची झडती घेण्याची ही एक लहानशी शाळाच म्हणावयाची.

ती शाळा किती आवश्यक आहे, हें सार्वजनिक विक्रमांच्या इतिहासानें चांगलेंच दाखविलें. ॲक्टिव्हिजनच्या ‘ड्रॅगस्टर’ या मोटारींच्या शर्यतींत ५.५१ सेकंदांचा एक विक्रम १९८२ सालापासून एका नामांकित खेळाडूच्या नांवावर नोंदलेला होता. पस्तीस वर्षें तो अढळ मानला गेला. पुढें एरिक कोझिएल या अभ्यासकानें त्या खेळाची आज्ञावली उलगडून गणित मांडलें, तेव्हां ५.५७ सेकंदांहून कमी वेळ त्या खेळांत शक्यच दिसेना. २०१८ सालीं ट्विन गॅलक्सीजनें त्या खेळाडूचे सर्व विक्रम काढून टाकले, आणि गिनेस संस्थेनेंहि त्याचीं नांवें आपल्या यादींतून वगळलीं. ज्या फलकाचा सारा भार विश्वासावर, त्यावरील एक नोंद डळमळली कीं शेजारच्या खऱ्या नोंदींकडेहि लोक संशयानें पाहूं लागतात. रोजकीर्दींत एक खोटी रक्कम घुसली तर साऱ्या खतावणीचा मेळ बिघडतो, हें कोणताहि कारकून सांगेल.

कांहीं खेळांचा शेवट मात्र निर्मात्यालाहि ठाऊक नसतो. ‘पॅकमॅन’ हा १९८० सालचा खेळ अखंड चालावा अशी योजना होती; पण यंत्राच्या मोजणीला २५५ ची मर्यादा असल्यामुळें २५६ व्या टप्प्यावर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्यानें भरून जातो आणि पुढची वाट बंद होते. तेथवर एकहि घास व एकहि जीव न गमावितां गेल्यास ३३,३३,३६० हे पूर्ण गुण होतात. ‘टेट्रिस’चें उदाहरण त्याहून बोलकें आहे. निन्टेंडोच्या यंत्रावरील त्याची १९८९ सालची आवृत्ति २९ व्या पातळीपुढें माणसाला झेपणार नाहीं असें कित्येक वर्षें मानलें जाई. खेळाडूंनीं बोटें चालविण्याच्या नव्या नव्या रीती शोधल्या, आणि २१ डिसेंबर २०२३ रोजीं ओक्लाहोमांतील विलिस गिब्सन हा तेरा वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीपर्यंत गेला. तेथें यंत्रच गोठून उभें राहिलें. चौतीस वर्षें जो खेळ प्रत्येकाला हरवीत आला, त्याच्यावर माणूस तगून राहिला. वर्ष संपावयास दहा दिवस उरले असतां त्या मुलाच्या यादींत जी ओळ पडली, ती त्यापूर्वीं कोणत्याहि माणसाच्या यादींत पडलेली नव्हती.

यंत्रांनीं स्मरणाचें काम सोडून दिलें असें मात्र नाहीं. उलट २००५ सालच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ पासून त्यांनीं तें मोठ्या हौसेनें हातीं घेतलें आहे. २००७ सालीं ‘स्टीम’नें आणि २००८ सालीं ‘प्लेस्टेशन ३’नें तोच मार्ग धरला. आज खेळाडूनें कोणता टप्पा कोणत्या दिवशीं ओलांडला, हें कंपनीच्या दूरच्या संगणकांत आपोआप नोंदलें जातें आणि त्याबद्दल चषकाचें चित्रहि बहाल होतें. मग हातानें यादी लिहिण्याचें कारण काय उरलें? एक कारण असें कीं, ती वही कंपनीची आहे, खेळाडूची नाहीं. निन्टेंडोनें खेळाडूंना खेळांविषयीं मजकूर लिहिण्यासाठीं उघडलेलें ‘मीव्हर्स’ हें दालन २०१७ सालीं बंद झालें. त्याच कंपनीचीं दोन जुन्या यंत्रांसाठीं चाललेलीं खेळविक्रीचीं दालनें २०२३ च्या मार्चांत बंद झालीं. अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें २०२३ सालींच एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत सरळ मार्गानें विकत मिळत नाहींत, असें तींत आढळून आलें. खेळच जेथें दुर्मिळ झाले, तेथें ते कोणीं खेळल्याची आठवण यंत्र कोठवर सांभाळणार?

दुसरें कारण अधिक खोल आहे. यंत्र सर्व कांहीं नोंदतें, पण निवड करीत नाहीं. एखाद्या लहानशा चकतींत आज हजारों जुने खेळ मावतात, आणि ज्याच्याजवळ हजारों खेळ आहेत तो बहुधा एकहि संपवीत नाहीं. पांच मिनिटें हा, पांच मिनिटें तो, असें करीत सबंध संध्याकाळ निघून जाते. ग्रंथांनीं भरलेल्या कपाटासमोर उभें राहून नुसतीं पानें चाळणाऱ्या माणसासारखीच ही स्थिति. वर्षाची यादी या विपुलतेला बांध घालते. बारा महिन्यांत किती संध्याकाळी हातीं येतात, त्यांत किती खेळ तडीस जाऊं शकतात, हें ती न बोलतां शिकविते. अर्धवट सोडलेले खेळहि जो प्रामाणिकपणें लिहून ठेवतो, त्याला आपल्या चिकाटीचें आणि आवडीचें खरें चित्र वर्षाअखेर दिसतें. आणि अशा अनेक याद्या एकत्र ठेवल्या म्हणजे कोणता खेळ संपावयास किती तास लागतात, कोणत्या टप्प्यावर लोक थबकतात, कोणता विस्मृत खेळ अजून खेळण्यासारखा आहे, याची माहिती पुढच्यांना मिळते. निर्मात्यांनीं आपल्या खेळांचा इतिहास जेथें लिहिला नाहीं, तेथें खेळणाऱ्यांच्या टिपणांतूनच तो जुळवावा लागणार आहे.

१९७२ सालीं यंत्राच्या पेटींत गुण लिहिण्याचे कागद घालावे लागले, कारण यंत्र दुबळें होतें. आज यंत्र सर्वसमर्थ झालें असतांहि माणूस पुन्हां वही उघडून बसला आहे. विजेचें बटण, बटनाएवढी बॅटरी, बावन्न अक्षरांचा मंत्र आणि कंपनीचें दूरचें दालन, या चारहि साक्षीदारांनीं आपापल्या परीनें दगा दिला. वॉल्टर डेची वही मात्र एका दिवंगत मुलाचें नांव वीस वर्षें धरून राहिली. वहीहि खोटें बोलूं शकते, हें ‘ड्रॅगस्टर’नें शिकविलें. तेव्हां वर्षाअखेर ज्या ओळी लिहावयाच्या त्या थोड्या असल्या तरी चालतील. खेळाचें नांव, यंत्राचें नांव, संपविल्याची तारीख आणि कोणती सवलत घेतली असेल तर तिची खूण, एवढें चार शब्दांत लिहिलें तरी पुरे आहे. अट एकच, कीं लिहिलेलें खरें असावें.